उघडं वजन

सोमवार, ६ जानेवारी २०२५

सकाळी आशिष येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी. प्रमाण विचलनाचं सूत्र त्याला तीन वर्षांत पाठ झालं नाही, आता एका बालपोषण प्रकल्पाचा समन्वयक आहे. माझ्याकडे पेढे न्यावेत की नाहीत हे न कळून केळी घेऊन आला होता.

काम असं. अंगणवाड्यांत मुलांचं वजन टांगत्या काट्यावर करतात. खाली झोळीत मूल, वर घड्याळासारखी तबकडी. आता डिजिटल मशीन आली आहेत. साठ मुलांची वजनं दोन्हींवर घेतली आहेत, तीस शहरातल्या विणकर वस्तीतली आणि तीस वळसंग गावातली. दोन्ही पद्धती जुळतात असं कुणा संख्याशास्त्रवाल्याने लिहून दिलं की जुने काटे अडगळीत जाणार.

"सहसंबंध शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव आलाय सर. फक्त तुमची सही हवी."

मी म्हटलं, ठेव. नाही म्हणायलाही जोर लागतो.

प्रेमलाला जाऊन पुढच्या आठवड्यात पाच महिने होतील. लोक विचारतात, कसे आहात. बरा आहे. भूक लागते, झोप येते, पेपर वाचतो. दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल जसा असतो तसा सगळाच असतो, एवढंच. चावला तरी कळायचं नाही.

दुपारी पंखा लावला तर आशिषचे कागद खोलीभर उडाले. टेबलावर पूर्वी सासऱ्यांच्या किराणा दुकानातली तीन लोखंडी वजनं असायची, एक किलोचं, पाचशेचं आणि दोनशेचं. कागदांवर ठेवायला त्यांच्यासारखं काही नाही. मागच्या पावसाळ्यात ती एकेक करून नाहीशी झाली. प्रेमलाला विचारलं तर म्हणाली, भंगारवाल्याला दिली. बापाच्या दुकानाची तेवढीच खूण, आणि ती भंगारात! मी दोन दिवस धुसफुसत होतो. आता कागदांवर तांब्या ठेवतो.

गुरुवार, ९ जानेवारी

आज पाण्याचा दिवस. भरून झाल्यावर आशिषच्या आकड्यांना बसलो.

सहसंबंध आणि जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तीस वर्षं शिकवलं. घरातलं घड्याळ रोज बरोबर वीस मिनिटं मागे असेल तर त्याचा आणि स्टेशनवरच्या घड्याळाचा सहसंबंध पुरा एक येतो, आणि होटगीला जाणारी गाडी रोज चुकते. आशिष त्या तासाला बहुधा कँटीनमध्ये असावा.

करायचं असतं ते सोपं आहे. प्रत्येक मुलाच्या नव्या वजनातून जुनं वजा करायचं. आडव्या रेषेवर दोन्हींची सरासरी, उभ्या रेषेवर फरक, आणि प्रत्येक मुलाचा एक ठिपका. मग सरासरी फरकाची रेघ ओढायची, आणि तिच्या वर-खाली दोन रेघा अशा की शंभरातले पंचाण्णव फरक त्यांच्यामध्ये यावेत. शेवटी स्वतःला विचारायचं, एवढा फरक आपल्याला चालेल का? हा शेवटचा प्रश्न गणिताचा नाही.

उत्तर आलं: नवं मशीन सरासरी एकशेवीस ग्रॅम जास्त दाखवतं. रेघा उणे दीडशे ते अधिक तीनशे नव्वद. सहा किलोच्या मुलाला तीनशे नव्वद म्हणजे बरंच झालं. पण सरासरी फरक माहीत असेल तर तो वजा करता येतो.

वळसंगच्या रजिस्टरची झेरॉक्स आहे. त्यात सतरा नंबरच्या नावासमोर, राजनंदिनी, मुलगी, दहा महिने, जुन्या काट्यावर पाच-आठशे आणि मशीनवर सहा-एकशेवीस. फरक तीनशेवीस. समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय, 'सर, हे लेकरू बघून जावा.' या वयाच्या मुलीला पाच किलो नऊशेच्या खाली अतितीव्र कुपोषित धरतात आणि शहरातल्या वॉर्डात दाखल करतात. म्हणजे जुन्या काट्याने ती आत, मशीनने बाहेर.

समासातला मजकूर हा काही डेटा नाही. पुढे गेलो.

रविवार, १२ जानेवारी

चेतनाचा हैदराबादहून फोन. "बाबा, आईचं कपाट आवरायला येऊ का?" म्हटलं, कामात आहे, नंतर बघू. लेकीने उगाच मोठा श्वास सोडला.

रविवार म्हणजे पूर्वी वजनाचा दिवस. आजार निघाल्यापासून दर रविवारी आंघोळीनंतर प्रेमलाला घरच्या काट्यावर उभी करायचो आणि वहीत लिहायचो. दर सोमवारी दवाखान्यात इंजेक्शनच्या आधी पुन्हा वजन. पहिल्या रविवारी एकोणपन्नास. दुसऱ्या रविवारी सत्तेचाळीस. आठवतंय, कारण त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. तिने ताट वाढलेलं, मी तसाच उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्यानंतर मात्र वजन सत्तेचाळीसवर थांबलं, ते शेवटपर्यंत. मी म्हटलं, औषध लागू पडलं.

दवाखान्यातला काटा कमी दाखवायचा. मी डॉक्टरांशी वाद घातला, तुमचं यंत्र ढिलं आहे. त्यांनी माझ्यासमोर प्रमाणित वजन ठेवून दाखवलं, काटा अचूक होता. मग घरचा जास्त दाखवत असणार, पण दर आठवड्याला तेवढंच जास्त, म्हणजे स्थिर तर आहे, असं मी मानलं. घरचा काटा तपासायला नेमकी ती सासऱ्यांची वजनं हवी होती, आणि ती भंगारात गेलेली. चिडलो होतो तिच्यावर. ती म्हणाली, "जाऊ द्या की हो, एवढं काय त्यात."

वही कुठे आहे ते माहीत आहे. काढली नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आशिष तिळगूळ घेऊन आला. या वेळी त्याने ठामपणे आणला. मी त्याला ठिपके दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "सर, मशीन तर आता आलीत. परत नाही देता येणार."

"परत कोण म्हणतंय? प्रत्येक वजनातून एकशेवीस वजा करा."

तो खुलला. मोबाईलमध्ये वजावट आपोआप होईल अशी सोय करता येते म्हणाला. मी तशी शिफारस लिहून सही केली.

त्याने उत्साहात तिथल्या तिथे सगळ्या नावांची नवी यादी केली. सतरा नंबरची सहा-एकशेवीस होती, ती बरोबर सहा किलो झाली. शंभर ग्रॅमने यादीतून बाहेर. कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. तिळगूळ खाल्ला. गोड होता.

शुक्रवार, १७ जानेवारी

दुपारी दारात एक बाई. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत रजिस्टर. "मी अंबुबाई. वळसंगची अंगणवाडीताई." एसटीने आल्या होत्या. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"सर, नव्या यादीत राजनंदिनी न्हाय."

मी समजावलं. सरासरी फरक, वजावट, सीमा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी तसा बरा समजावतो.

"ते समदं बराबर आसंल. तुमी आकडा बगितला सर, लेकरू कुटं बगितलं? रडायला बी दम न्हाय तिच्यात. बारा वर्सं वजनं करती मी. मला काट्याची बी गरज न्हाय."

"मग जुन्या काट्याचं वजन एवढं कमी कसं येतं तुमच्याकडे? शहरात तर येत नाही."

त्यांनी रजिस्टर पिशवीत घातलं. "तुमी येऊन बगा की," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. जाताना चौकटीवरच्या फोटोकडे बघितलं. "घरच्या व्हय?" मी मान हलवली. त्यांनी फोटोला हात जोडले, मला नाही.

त्या गेल्यावर मी आपल्याच तोंडून गेलेलं वाक्य घेऊन बसलो. शहरात तर येत नाही. खरंच बघितलं नव्हतं. शहरातले तीस ठिपके लाल केले आणि वळसंगचे निळे. लाल सगळे शून्याच्या आसपास, सरासरी दहा ग्रॅम. निळे वर, सरासरी दोनशेतीस. पुस्तकात शोभावेत असे दोन थवे होते, आणि मी त्यांच्या मधोमध, जिथे जवळजवळ एकही मूल नव्हतं, तिथून रेघ ओढून खाली सही केली. पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं असतं तर वर्गाबाहेर उभा केला असता.

लाज वाटली पाहिजे. वाटत असेल बहुधा, नीटसं कळत नाही.

सोमवार, २० जानेवारी

आशिषच्या गाडीतून वळसंगला गेलो. रस्त्याला दोन्हीकडे ज्वारी उभी होती. आशिष अहवालाच्या तारखेबद्दल बोलत होता.

राजनंदिनीला तिची आजी बाळाबाई घेऊन आली. आई-बाप मेंढरं घेऊन बाहेर आहेत, पोरगी आजारी म्हणून मागे ठेवलेली. मी मुलीकडे बघितलं. डोळे मोठे, बाकी काही मोठं नाही. पायात चांदीचे जाड वाळे, कमरेला घुंगरांचा चांदीचा करदोटा, गळ्यात ताईत.

अंबुबाईंनी तिला झोळीत घालून काट्याला टांगलं. तबकडीवर सहा-एकशे. त्यांनी रजिस्टरात लिहिलं पाच-आठशे.

"अहो, काटा सहा-एकशे दाखवतोय."

"मग? चांदी कोन धरनार? हिच्या अंगावर तीनशेचा ऐवज हाय. त्या पल्याडच्या पोरीच्या दोनशेचा. मी बगून वजा करती. पयल्यापास्नं."

"आणि मशीनवर?"

"ट्रेनिंगला सांगितलं, मशीनवर आलंय तेच चढवायचं, आपलं डोकं लावायचं न्हाय. आमी म्हनलं, एवढं म्हागाचं मशीन, त्याला ठावं आसंल." त्यांनी रजिस्टर मिटलं. "वजा करती ते सांगितलं आसतं तर नोकरीवर आलं आसतं, सर."

म्हणजे यंत्रांत फरक नव्हताच. दोन्ही काटे बरोबर. एका काट्यामागे अंबुबाईंचे डोळे होते आणि दुसऱ्यामागे कुणी नव्हतं. शहरातल्या बायका पोरांचे दागिने काढून वजन करतात, म्हणून तिथे फरक शून्य.

आशिष म्हणाला, मग काढा की दागिने, आत्ताच करू. बाळाबाईने पोरीला छातीशी धरलं. "जावळ होईस्तवर काडायचं न्हाय. बिरुदेवाला बोललोय आमी." आशिष समजावायला लागला, कुपोषण, वॉर्ड, पंधरा दिवस, सगळं फुकट. ती ऐकत होती आणि मान हलवत होती.

मी शेवटी सहज विचारलं, एवढ्याशा जिवाला एवढं ओझं कशाला?

तिने माझ्याकडे बघितलं. "उगडं लेकरू बगवत न्हाय वो. हाडं दिसत्यात. आंगावर चांदी आसली की भरल्यावानी दिसतंय. हिचा बाप घरी आला की पयलं हिला उचलून बगतोय. हलकी लागली की जेवत न्हाय त्यो. भाकरी तशीच टाकून उटतोय. मग मीच जाड वाळं घातलं, आमच्या सासूचं. आता उचलतोय आन म्हनतोय, भरली की गं पोरगी. आन जेवतोय."

मी माठातलं पाणी घेऊन प्यायलो.

अंबुबाई आजीला आणि पोरीला आत घेऊन गेल्या. काय बोलल्या ते माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा बाळाबाईच्या बोटांना बिरुदेवाची हळद लागलेली होती आणि पोरीच्या अंगावर फक्त काळा दोरा. मशीनवर ठेवलं. पाच-सातशे ऐंशी. दागिने वेगळे ठेवले, तीनशेचाळीस. बेरीज बरोबर. अंबुबाईंचा अंदाज चाळीस ग्रॅमने चुकला होता, माझं गणित दोनशेवीसने.

आशिषने तिथूनच वॉर्डात फोन केला. आमच्याच गाडीतून आजी आणि नात शहरात आल्या. दागिने बाळाबाईने पदरात बांधले होते. ती सगळा रस्ता गाठ धरून बसली होती.

गुरुवार, २३ जानेवारी

अहवाल मागे घेतला, नवा दिला. दोन पद्धतींत फरक नाही. दागिने काढून उघडं वजन घ्यावं, काढणं शक्य नसेल तर त्यांच्यासारखेच दुसरे दागिने तोलून तेवढं वजन वजा करावं, आणि वजन करणाऱ्या बाईला आपलं डोकं लावू द्यावं. आशिषने शेवटचं वाक्य सौम्य करायला सांगितलं. मी केलं नाही.

जेवायला बसलो. भाकरीचा तुकडा मोडला आणि 'तशीच टाकून उटतोय' हे आठवलं. सोमवारपासून दर जेवणाला आठवतंय.

मग उठून वही काढली.

नऊ रविवार, नऊ सोमवार. पहिले दोन जुळतात, एकोणपन्नास आणि सत्तेचाळीस. पुढे घरचं वजन सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. दवाखान्याचं उतरत गेलेलं, शेवटी पंचेचाळीस-तीनशे. इतके दिवस मी म्हणत होतो, स्थिर फरक. एकदाही वजाबाकी केली नव्हती. आयुष्यभर लोकांना करायला लावलेली.

केली. दोनशे. पाचशे. सातशे. हजार. बाराशे. पंधराशे. सतराशे.

आधी वाटलं, आपण कुठेतरी पूर्णांकात आणतोय. पुन्हा केली. तेच. यंत्राची चूक अशी येत नाही. ती एकशे त्र्याहत्तर येते, चारशे दहा येते. असे गोल आकडे फक्त किराणा दुकानात असतात.

वही मिटली. ताट तसंच राहिलं होतं. झाकून ठेवलं.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला कॉलेजात बोलावलं होतं, गेलो नाही. कपाट उघडलं.

खालच्या कप्प्यात, हिवाळ्यातल्या शालींच्या मागे. तिच्या आईची चंची, पान-सुपारी ठेवायची, कप्प्याकप्प्यांची, नाडीने बांधायची. तीन कप्प्यांत तिन्ही वजनं. नाडीला जुनी साडी फाडून लांब पट्टी जोडलेली होती, कमरेला दोन वेढे बसतील एवढी. टाके बारीक, सुबक. सुई धरवत नव्हती तिला तेव्हा, मला वाटायचं.

दोनशे. पाचशे. दोन्ही मिळून सातशे. नुसतं किलोचं, किलो आणि दोनशे, किलो आणि पाचशे. शेवटच्या रविवारी तिन्ही. आणखी एक रविवार आला असता तर तिच्याकडे वजन उरलं नसतं.

चेतनाला फोन केला. कपाट आवरायला ये म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज असा काय येतोय?" फोन कानाला लावून रडलो. सुईचा असर एकदम उतरतो तसं झालं, फार दुखलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी अंबुबाईंचा फोन. राजनंदिनी परवा घरी आली. उघडं वजन सहा-दोनशेपन्नास. "आता रडती बी लई सर, आजी वैतागली." बापाला बाळाबाईने सगळं सांगितलं. तो पोरीला दागिन्यांविना उचलून बराच वेळ उभा राहिला, मग भाकरी मागितली, म्हणाल्या.

दुपारी चेतना भाजी आणायला गेली होती. मी चंची कमरेला बांधली, दोन वेढे घेऊन, तिन्ही वजनांसकट. झोपायच्या खोलीतून न्हाणीघराबाहेरच्या काट्यापर्यंत अकरा पावलं आहेत. माझं वजन अडुसष्ट. सातव्या पावलाला नाडी कातडीत रुतायला लागली.

तिचं पंचेचाळीस-तीनशे होतं. निघायच्या आधी म्हणायची, "थांबा, पदर नीट करते." मला तो वेळही जास्त वाटायचा. मग भिंतीला हात न लावता यायची, काट्यावर चढायची आणि हसून विचारायची, "किती?"

मी म्हणायचो, सत्तेचाळीस. वहीत लिहायचो. आणि म्हणायचो, वाढ आता, लई भूक लागलीय.